झोपेच्या वनस्पतींची कार्डं: कामाच्या नोंदी

८ जानेवारी

मावशी परवा पहाटे बाथरूममधून येताना चक्कर येऊन पडली. भुवईवर तीन टाके पडले, हाडबिड काही मोडलं नाही एवढंच नशीब. दवाखान्यात बीपी मोजलं तर वरचं ९० च्या खाली. डॉक्टरांनी विचारलं की बीपीच्या गोळीशिवाय अजून कुठलं औषध चालू आहे का, मावशी म्हणाली नाही, मी शेजारीच उभी होते आणि मलाही तेच खरं वाटलं. घरी आल्यावर तिच्या उशाशी एक डबी दिसली, शांत झोपेसाठी, संपूर्ण नैसर्गिक असं लिहिलेली, आणि दोन महिने रोज रात्री ती त्यातल्या दोन गोळ्या घेत होती. मी म्हटलं अगं मावशी हे का नाही सांगितलंस, तर म्हणे "अगं ते औषध कुठे आहे, झाडपाला आहे तो."

ती खोटं बोलली नव्हती. तिला विचारलं औषध आणि तिने औषधाचं उत्तर दिलं. तेव्हापासून हेच डोक्यात फिरतंय, आणि गेली दोन वर्षं मी स्वतः पहाटे तीनला जागी होतेय त्यामुळे झोपेसाठी माणूस काय काय घेऊन बघतो ते मला चांगलं माहितीये, मीही घेतलंय, आणि मीही कुठल्या डॉक्टरला सांगितलेलं नाही.

म्हणून एक काम हातात घेतेय. झोप आणि घालमेल ह्यासाठी लोक ज्या वनस्पती घेतात त्या प्रत्येकीचं एक कार्ड, पोस्टकार्डाच्या आकाराचं, मराठीत, मावशीला वाचता येईल असं. दहा-बारा कार्डं होतील. मार्च अखेरपर्यंत संपवायचं.

११ जानेवारी

डबी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. घटकांच्या यादीत चौथ्या नंबरला बारीक अक्षरात सर्पगंधा. डॉक्टरांनी वाचलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, हल्ली नाक चोंदतं का तुमचं?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो, कारण महिनाभर सर्दी सर्दी म्हणून आम्ही वाफ घेतोय आणि ती जात नाहीये. ती सर्दी नव्हतीच. सर्पगंधेच्या मुळात रेसरपिन असतं, त्याने बीपी खाली येतं, नाडी मंदावते, नाक चोंदतं आणि गुंगी येते, आणि तिच्या रोजच्या बीपीच्या गोळीवर हे चढलं म्हणून ती पडली. डॉक्टरांनी डबी बंद करायला सांगितली आणि दोन आठवडे रोज दोनदा बीपी मोजून लिहायला सांगितलं, कारण रेसरपिन थांबवलं तरी त्याचा असर लगेच जात नाही, बरेच दिवस रेंगाळतो.

पहिलं कार्ड अर्थातच सर्पगंधेचं. रात्री बसून वाचलं आणि थक्क झाले. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी हिच्याबद्दल लेख लिहिला, वेड आणि रक्तदाब दोन्हींवरचं औषध म्हणून. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबाच्या ५० पेशंटवर करून बघितलेला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि मग जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन वगैरे निरोप पोचवणारी रसायनं जिथे साठवून ठेवतात ती कोठारंच ते रिकामी करतं, म्हणून माणूस शांत होतो. पण जास्त डोस घेतलेल्या लोकांना उदासी आल्याचे रिपोर्टही तेव्हापासूनचेच आहेत. म्हणजे ज्याला आधीच मन खचल्यामुळे झोप येत नाहीये त्याच्या हातात हे पडलं तर काय होईल?

हे वाचून मला वनस्पतींबद्दल राग नाही आला, आदरच वाढला. एवढी ताकद असलेल्या मुळाला आपण नुसता झाडपाला म्हणतोय.

१४ जानेवारी

कार्डाचा साचा ठरवला. वर नाव, मग कुठली वनस्पती आणि तिचा कुठला भाग, मग कशासाठी तपासून बघितलीये आणि काय निघालं, मग कशाबरोबर घ्यायची नाही, आणि शेवटी कधी थांबवायची. मागच्या बाजूला मोकळी जागा.

माझी स्वतःची मोजणीही आजपासून सुरू. नुसतं "बरं वाटतंय" हे लिहून काही कळत नाही, म्हणून दोन प्रश्नावल्या घेतल्या ज्या डॉक्टर लोक वापरतात. झोपेची आहे तिच्यात सात प्रश्न, मार्क ० ते २८, सातपर्यंत ठीक, ८ ते १४ थोडा त्रास, १५ ते २१ मध्यम, २२ पासून पुढे तीव्र. माझे १७. चिंतेची आहे ती जीएडी-७, तिच्यातही सातच प्रश्न, मार्क ० ते २१, पाच-दहा-पंधरा अशा पायऱ्या. माझे ९. शिवाय झोपेची वही, रोज सकाळी दोन मिनिटांत भरायची, किती वाजता आडवी झाले, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा जाग आली, उठले कधी. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, सकाळी आठवेल तसं लिहायचं, घड्याळ बघत बसलं की झोप अजून पळते.

२० जानेवारी

आठ दिवस फक्त नावांत गेले आणि मला वाटतं हेच ह्या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहून ठेवते.

जटामांसी म्हणजे नार्डोस्टॅकिस जटामांसी, हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवणारी. आणि तगर म्हणजे व्हॅलेरियाना जटामांसी. दोन वेगळ्या वनस्पती आणि शास्त्रीय नावात दोघींच्याही शेपटीला जटामांसी! दोन्हींची मुळं वाळल्यावर केसाळ, दोन्हींना उग्र वास, त्यामुळे चूर्ण झाल्यावर साध्या माणसाने ओळखायचं म्हणजे अशक्यच. त्यातही खरी जटामांसी अतिशय धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे, कारण मूळ काढायचं म्हणजे अख्खं झाड उपटावं लागतं, आणि १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराची बंधनं आहेत. जी गोष्ट दुर्मिळ असते तिच्या जागी दुसरं काहीतरी भरलं जाण्याची शक्यता वाढते हे सांगायला नकोच.

ब्राह्मीचंही तेच. बकोपा मोनिएरी, जिला नीरब्राह्मी म्हणतात, ती एक ब्राह्मी. आणि सेंटेला आशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी, आपल्याकडे कारिवणा, तिलाही कित्येक जण ब्राह्मीच म्हणतात. बकोपाचे जे अभ्यास आहेत ते मुख्यतः स्मरणशक्तीवर, रोज ३०० मिलिग्रॅम अर्क आणि तोही बारा आठवडे, आणि नेहमीची तक्रार म्हणजे पोट बिघडणं. ते निष्कर्ष उचलून कारिवण्याच्या पानाला लावता येत नाहीत. पण वाचणाऱ्याला नाव दिसतं ब्राह्मी, बस.

आणि तिसरा घोळ मी स्वतः केला होता. व्हॅलेरियन ही वनस्पती आणि व्हॅलियम ही गोळी. मला बरीच वर्षं वाटायचं की एक दुसऱ्यापासून काढतात. व्हॅलियम म्हणजे डायझेपाम, प्रयोगशाळेत बनवलेलं, १९६३ साली आलं, व्हॅलेरियनच्या मुळाशी त्याचा काहीएक संबंध नाही. हे कार्डावर ठळक लिहायचं ठरवलंय, कारण ह्या गैरसमजामुळे कोणी डॉक्टरांची गोळी सोडून मूळ घेईल आणि कोणी मुळाला घाबरेल.

तर नियम असा केला की प्रत्येक कार्डावर शास्त्रीय नाव देवनागरीत मोठ्या अक्षरात, आणि कुठला भाग तेही. मूळ आणि पान ह्यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

२७ जानेवारी

व्हॅलेरियन. ह्या कार्डाला चार दिवस लागले, कारण दोन मोठ्या संस्था दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि मला कळेना कुणाचं लिहू. युरोपच्या औषध संस्थेच्या मते मुळाचा कोरडा अर्क ४०० ते ६०० मिलिग्रॅम, झोपायच्या अर्धा ते एक तास आधी, आणि सलग दोन ते चार आठवडे घेतला तर उपयोग होऊ शकतो, पण हळूहळू असर होतो म्हणून "आज रात्री झोप हवीये" अशा वेळी उपयोग नाही. उलट अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ च्या मार्गदर्शनात सांगितलं की मोठ्या माणसांच्या निद्रानाशासाठी हे वापरू नये असं आम्ही सुचवतो. दोघेही साधारण तेच अभ्यास बघतायत. अभ्यास छोटे, प्रत्येकात अर्क वेगळा, कुणाला फरक पडलेला तर कुणाला काहीच नाही.

शेवटी दोन्ही मतं शेजारी शेजारी लिहिली. ताई म्हणाली "अगं लोक गोंधळतील, एक काहीतरी ठरव." मला नाही पटलं. खरोखर जिथे मत विभागलेलं आहे तिथे मी एका बाजूचं ठोकून सांगितलं तर त्या डबीवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? वाचणाऱ्याला एवढं कळलं पाहिजे की महिनाभर घेऊन फरक पडला नाही तर दोष त्याच्या शरीराचा नाहीये.

आतली गोष्ट म्हणजे मुळातलं व्हॅलेरेनिक आम्ल मेंदूतल्या गॅबा नावाचं शांत करणारं रसायन पेशीवर जिथे चिकटतं त्या जागेवर काम करतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. गॅबाच्याच रस्त्यावर झोपेच्या बऱ्याच गोळ्या आणि दारूही काम करते. म्हणून "कशाबरोबर नको" ह्या चौकटीत पहिली ओळ तीच, झोपेची गोळी नको, दारू नको, आणि घेतल्यावर गाडी चालवायची नाही.

३ फेब्रुवारी

आजपासून कॅमोमाइलच्या फुलांचा चहा सुरू केला, रात्री एक कप, चौदा दिवस, बाकी काहीही न बदलता. हीच का निवडली तर मला चालण्यासारखी हीच सगळ्यात सौम्य वाटली. शेवंती, झेंडू ह्यांच्या कुळातली असल्यामुळे त्या कुळाच्या परागकणांची अॅलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, मला तशी अॅलर्जी नाही. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असलेल्यांनी जपायचं, रक्तस्राव झाल्याची केस नोंदलेली आहे.

कॅमोमाइलवर चिंतेच्या बाबतीत बऱ्यापैकी काम झालंय. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ५७ जणांवर आठ आठवडे, कॅप्सूल रूपात, चिंता कमी झाली पण थोडीच. मग २०१६ मध्ये मोठा अभ्यास, रोज १५०० मिलिग्रॅम, आणि त्यात गंमत अशी की घेत राहणाऱ्यांची चिंता कमी राहिली पण आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण मात्र ठामपणे कमी झालं असं काही म्हणता आलं नाही. आणि झोपेवर? २०११ च्या छोट्या अभ्यासात निद्रानाशाच्या ३४ लोकांत ठोस फरक दिसला नाही. कार्डावर हे असंच लिहिलं, चिंतेसाठी थोडा आधार आहे, झोपेसाठी फारसा नाही. आणि हेही लिहिलं की हे अभ्यास कॅप्सूलचे आहेत, कपात किती उतरतं ते वेगळं.

७ फेब्रुवारी

अश्वगंधा. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होणार हे माहीत होतं म्हणून मुद्दाम शांत दिवशी घेतलं. विथानिया सोम्निफेरा, ह्यातलं सोम्निफेरा म्हणजेच झोप आणणारी, नावातच आहे. अभ्यास आहेत आणि चांगले आहेत, २०१२ चा ६४ जणांचा, मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दोन वेळा, ६० दिवस, ताण कमी झाला आणि रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तेही उतरलं. २०१९ मध्ये निद्रानाशाच्या ६० लोकांवर दहा आठवडे, झोप लागायला लागणारा वेळ कमी झाला. संख्या लहान आहे, पण दिशा एकच दिसते. जेवढ्या वनस्पती वाचल्या त्यात झोपेसाठी मला हीच सगळ्यात आशादायक वाटतेय.

आणि नेमकी हीच मला चालत नाही. माझी थायरॉइडची गोळी चालू आहे आणि अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, दोन्ही मिळून जास्त होऊन छाती धडधडणं, घाम, झोप उडणं, म्हणजे ज्यासाठी घ्यायची तेच वाढायचं. दोन वर्षांपूर्वी मी ही तीन महिने घेतली होती. तेव्हाची धडधड मला घाबरण्याचीच वाटली होती. आता खात्रीने सांगता येणार नाही कशाची होती, रक्त तपासलं नव्हतं, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

लिव्हरचंही लिहिलं. २०२० मध्ये आइसलंड आणि अमेरिकेतल्या पाच केसेस प्रसिद्ध झाल्या, अश्वगंधा घेतल्यावर दोन ते बारा आठवड्यांत कावीळ आणि खाज, लिव्हर कुणाचंच निकामी झालं नाही. २०२३ मध्ये डेन्मार्कने बंदीच घातली. घेणारे लाखो लोक बघता असं क्वचितच होतं, पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली की त्याच दिवशी थांबवून डॉक्टरकडे, ही ओळ कार्डावर लाल शाईत. गरोदरपणात नको, हेही लाल.

१२ फेब्रुवारी

काम झालं नाही. काल रात्री दीडला जाग आली ती आलीच. वही भरली तेवढीच.

१५ फेब्रुवारी

लॅव्हेंडर आणि कावा एका बैठकीत झाले.

लॅव्हेंडरने मला आश्चर्याचा धक्का दिला. मला वाटलं होतं उशीवर दोन थेंब टाकायचे एवढंच, पण तोंडाने घ्यायची ठरावीक मापाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल जर्मनीत औषध म्हणून मान्य आहे, आतल्या तेलाचं नाव सिलेक्सान. २०१४ मध्ये ५३९ लोकांवर दहा आठवडे पॅरोक्सेटिन ह्या चिंतेच्या नेहमीच्या गोळीच्या आणि आत औषधच नसलेल्या खोट्या गोळीच्या शेजारी लावून बघितली आणि चिंता खरोखर कमी झाली. ह्यातले बरेच अभ्यास बनवणाऱ्यांच्याच पैशाने झालेत हेही कार्डावर लिहिलं. आणि ठळक अक्षरात, वासासाठी मिळणारं तेल प्यायचं नाही. कॅप्सूल आणि बाटलीतलं तेल ह्या एकच गोष्ट नाहीत. कॅप्सूलचा नेहमीचा त्रास म्हणजे लॅव्हेंडरच्या वासाचे ढेकर.

कावा पॅसिफिक बेटांवरचं, व्हानुआतू, फिजी, टोंगा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या पितात. चिंतेवर काम करतं ह्याला आधार आहे, पण लिव्हर खराब झाल्याच्या केसेसमुळे २००२ मध्ये जर्मनीने बंदी घातली, २०१४ मध्ये तिथल्या कोर्टाने ती उठवली, पण २०१९ मध्ये परवाने पुन्हा काढून घेतले. मी कार्डावर सरळ "स्वतःच्या मनाने घेऊ नका" एवढं लिहून बाकी थोडक्यात उरकलं.

१८ फेब्रुवारी

कॅमोमाइलचे चौदा दिवस काल संपले. झोपेचे मार्क १७ वरून १५, चिंतेचे ९ वरून ७. रात्रीची जाग जवळपास तेवढीच. पण झोपायच्या आधीचा अर्धा तास बरा गेला, कप हातात, फोन लांब, आणि सगळे झोपलेले असताना घरात जो एक गच्चपणा येतो मला तो कमी जाणवला. हे फुलाने झालं की कपाने की "मी काहीतरी करतेय" ह्या भावनेने, एका माणसाच्या वहीवरून सांगता येणं शक्य नाही. झोपेच्या अभ्यासात खोटी गोळी घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी बरं वाटतं, म्हणूनच तर तुलना लागते. मी पुढे चालू ठेवणार आहे, आवडतं म्हणून. झोपेचं औषध म्हणून त्याच्यावर विसंबणार नाही.

२३ फेब्रुवारी

सात कार्डांचा कच्चा सेट मावशीला दिला. तिने चष्मा लावून पहिली तीन मन लावून वाचली आणि बाजूला ठेवली. म्हणाली, "सगळं बरोबरच असेल गं, पण मी घेऊ काय ते सांग ना. रात्री दोनला उठून बसते तेव्हा मला हे मिलिग्रॅम घेऊन काय करायचंय?"

मला रडूच आलं. दीड महिना मी काय घेऊ नये ह्याच्यावरच लिहीत बसले होते. तिने ती डबी का घेतली हे एकदाही विचारलं नव्हतं. मग विचारलं. काका गेल्यापासून ती पलंगाच्या त्याच अर्ध्या भागात झोपते, दहाला आडवी होते कारण दुसरं काही करायला नसतं, आणि मग चार तास छताकडे बघत असते. दोघी बराच वेळ बोललो. त्या रात्री कार्डांना हात लावला नाही.

१ मार्च

एक नवीन कार्ड, वनस्पतीचं नसलेलं, आणि ते सेटमध्ये सगळ्यात वर राहणार. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ झोपेचा त्रास असेल तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, आणि त्याच्यासाठी अमेरिकेच्या फिजिशियन्सच्या संस्थेने २०१६ पासून पहिला उपाय म्हणून गोळी सांगितलेली नाही, विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती सांगितलीये, सीबीटी-आय. त्यातला एक भाग १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन ह्यांनी मांडला. पलंग फक्त झोपेसाठी, पेंग आली तरच आडवं व्हायचं, साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, काहीतरी शांत करायचं, पेंग आली की परत, आणि सकाळी उठायची वेळ रोज एकच. दुसरा भाग पलंगावरचा वेळ कमी करण्याचा. माझ्या वहीप्रमाणे मी रोज सरासरी साडेआठ तास पलंगावर आणि झोप पाच तास चाळीस मिनिटं, म्हणजे ६७ टक्के. आजपासून समुपदेशकाच्या देखरेखीखाली पलंगावर फक्त सहा तास, बारा ते सहा. हे सुरुवातीला फार जड जातं, दिवसा पेंगुळायला होतं, त्या दिवसांत गाडी चालवायची नाही, आणि फिट्स किंवा बायपोलर असलेल्यांनी स्वतःच्या मनाने हे करायचंच नाही. मावशीला फक्त पहिला भाग, वय आणि बीपी बघून डॉक्टरांना विचारून.

९ मार्च

फार्मसीत काम करणाऱ्या मैत्रिणीने सगळी कार्डं तपासली, पेन्सिलीने भरपूर खुणा. तिची सगळ्यात मोठी तक्रार अशी की सेंट जॉन्स वर्ट नावाचं झाड मी गाळलं होतं, कारण ते उदासीसाठी घेतात, झोपेसाठी नाही. ती म्हणाली अगं उदास माणसाची झोप जातेच ना, आणि सगळ्यात जास्त औषधांशी भांडणारी हीच आहे. खरंच आहे. लिव्हरमधलं जे एन्झाइम बरीचशी औषधं मोडतं त्याचं काम हे झाड वाढवतं, त्यामुळे बाकीची औषधं शरीरातून लवकर निघून जातात, गर्भनिरोधक गोळी, वॉरफरिन, एचआयव्हीची औषधं. २००० साली हृदय बदललेल्या दोन पेशंटनी हे घेतलं आणि नवीन अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची पातळी उतरून शरीर नवीन हृदय नाकारायला लागलं. उदासीच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर सेरोटोनिन धोक्याइतकं वाढू शकतं. पूर्ण कार्ड नवीन लिहिलं.

अजून तिने घालायला लावलेल्या ओळी: डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी एकदम बंद करू नका, कमी कशी करायची ते तेच सांगतील. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधीच सगळ्या वनस्पती सांगा. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल तर ह्यातलं काहीही घेऊन उपयोग नाही, तपासणी करा. जगणं नकोसं वाटत असेल तर कार्ड खाली ठेवा आणि आजच कुणाशी तरी बोला, डॉक्टरकडे जा. जायफळाच्या कार्डावर मी चिमूटभर लिहिलं होतं तिथे तिने वाढवलं की पाच ग्रॅमच्या आसपास गेलं तर उलट्या, धडधड आणि भास होतात, झोप येत नाही म्हणून माणूस चिमूट वाढवत जातो ते टाळा.

शिशाचं वगैरे लिहू का असं मी विचारलं. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती त्यात १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ती म्हणाली लिही, पण घाबरवण्यासाठी नको, बॅच नंबर आणि तपासणी कुणी केली ते डबीवर शोधायला सांग. तसंच केलं.

१७ मार्च

मावशीची डॉक्टरांकडे फेरी. बीपी आता स्थिर, नाक मोकळं. ह्या वेळी मी कार्डांच्या मागच्या मोकळ्या जागेऐवजी एक वेगळा कागद केला होता, वर एकच प्रश्न: "औषध असो नसो, तोंडात, नाकात, डोळ्यांत, अंगाला जे जे लावता किंवा घेता ते सगळं लिहा." तिने आदल्या रात्री एकटीने बसून लिहिलं होतं. बीपीची गोळी, कॅल्शियम, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचं तेल, पोट साफ होण्याचं चूर्ण, रात्री जायफळ. सहा गोष्टी, जानेवारीत ह्यातली एकच सांगितली होती. डॉक्टरांनी चूर्णाबद्दल थांबून चौकशी केली, रोज रोज घेतल्याने पोटॅशियम कमी होऊ शकतं म्हणून रक्ततपासणी लिहून दिली, बाकी चालू द्या म्हणाले.

माझं: पलंगावरच्या सहा तासांत झोप पाच तास दहा मिनिटं, ८६ टक्के, म्हणून पलंगावर पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. झोपेचे मार्क १०. पहिला आठवडा वाईट गेला, दुपारी तीनला डोळे मिटायचे, पण परवा पहाटे तीनला जाग आली आणि घाबरायच्या आत परत झोप लागलीसुद्धा, दोन वर्षांत पहिल्यांदा.

२३ मार्च

अकरा वनस्पती, एक सवयींचं कार्ड आणि तो कागद, एवढा सेट झाला. चाळीस प्रती काढल्या. जटामांसीच्या कार्डावर दोन्ही शास्त्रीय नावं ठेवलीत आणि खाली फक्त "ह्यातली कुठली आहे ते देणाऱ्याला विचारा, सांगता आलं नाही तर घेऊ नका" असं, फोटो मुद्दाम काढून टाकला, कारण वाळलेल्या मुळाच्या फोटोवरून ओळखता येतं असा भ्रम नको.

मावशी अजून दोनला उठते, पण आता उठून बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसते आणि वीण विणते, पेंग आली की आत जाते. आठवड्यात दोन-तीन रात्री सलग पाच तास होतात म्हणाली. तिच्या कागदावर सगळ्यात शेवटी तिने स्वतःच एक ओळ वाढवलीये, "सर्पगंधा, ११ जानेवारीपासून बंद." आणि शेजारच्या दोघींना द्यायला कोरे कागद मागितलेत, उद्या सकाळी काढून द्यायचेत, अक्षर अजून दोन पॉइंट मोठं करून.